ती फक्त आई आणि आजीच होती का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. आईवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि न कचरता लिहिलंत. नुसते आभार मानून मोकळं व्हावं अशी ती प्रतिक्रिया नाही, म्हणून हे उत्तर वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं म्हणणं असं, की एवढ्या मोठ्या लेखात आई फक्त आई आणि आजी म्हणून येते, बाई म्हणून कुठेच येत नाही. तिला पुढे शिकायचं होतं हे एका वाक्यात उरकलं आहे आणि नातवंडांच्या आजारपणांवर मात्र परिच्छेदच्या परिच्छेद. असल्या लेखांनी त्यागाचा उदोउदो होतो आणि तो पुढच्या बाईच्या गळ्यात पडतो. शिवाय जाता जाता एक टोला: जिची नोकरी आईच्या जिवावर झाली, तिने आईच्या मायेचे गोडवे गावेत यात नवल ते काय!

टोल्यापासूनच सुरू करते. मी लाभार्थी आहेच. मुलं लहान होती तेव्हा मी सकाळी घर सोडायचे ती दिवेलागणीनंतर परतायचे, आणि मधला सगळा दिवस आईचा असायचा. हे लेखातही लपवलेलं नाही. पण म्हणून माझी साक्ष बाद कशी? हे काम जवळून पाहिलेली माणसं सगळी लाभार्थीच असतात. आम्हाला बाजूला काढलंत तर बोलायला उरणार कोण? ओळखीपाळखीचे. ते म्हणणार, "फार प्रेमळ होत्या हो." संपलं.

हे "फार प्रेमळ" फार जुनं आहे. रोममध्ये क्लॉडिया नावाच्या एका बाईच्या थडग्यावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेला एक लेख होता. मूळ दगड आज नाही, मजकूर उतरवून ठेवलेला आहे. वाटसरूला तो म्हणतो, थांब, फार सांगायचं नाही, एवढं वाच. तिने नवऱ्यावर मनापासून प्रेम केलं. दोन मुलगे झाले, एक जमिनीच्या वर आहे, एक खाली. बोलणं गोड होतं, चालणं डौलदार. घर सांभाळलं, लोकर कातली. सांगून झालं, जा आता.

तुम्ही म्हणाल, बघा, तेव्हाही घर सांभाळलं आणि आजही तेच. मला मात्र तो मजकूर वाचताना वेगळीच चुटपुट लागते. लोकर कातली एवढ्या एकाच ठिकाणी तिचे हात दिसतात, बाकी सगळी विशेषणं. एक मुलगा पुरल्यावर दुसऱ्याला तिने कसं वाढवलं असेल, त्याला नुसतं खोकला आला तरी तिचं काय होत असेल, याबद्दल अवाक्षर नाही. तिला आई म्हटलं ही माझी तक्रारच नाही. आई म्हटलं आणि तिथेच हात झटकले, ही आहे.

तुम्ही इव्हॉन ब्रिल यांचं उदाहरण दिलंत, ते चपखल आहे. उपग्रह आपल्या कक्षेत टिकून राहावा यासाठी लागणाऱ्या इंजिनावर काम केलेली ही शास्त्रज्ञ. 2011 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते अमेरिकेचं राष्ट्रीय पदक मिळालेली. 2013 मध्ये त्या गेल्या, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्समधला मृत्युलेख सुरू झाला तो त्यांच्या हातच्या एका पदार्थाच्या कौतुकाने. मग नवऱ्याच्या नोकरीमागे गावं बदलली, मुलांसाठी आठ वर्षं नोकरी सोडली, आणि रॉकेट त्यानंतर. लोक खवळले, वृत्तपत्राला सुरुवात बदलावी लागली. खवळले ते योग्यच. तिथे स्वयंपाकघर पुढे करून माणसाचं काम झाकलं होतं.

पण माझ्या आईकडे रॉकेट नव्हतं. तिच्याकडे झाकायला दुसरं काही नव्हतं, कारण घर हेच तिचं काम होतं. आता मी तिच्यातली "खरी ती" शोधायला घराबाहेर पडले, तर त्याचा अर्थ असा, की घरात गेलेली तिची पन्नासेक वर्षं ती नव्हतीच, कुणी दुसरीच होती. एवढा अपमान मी तिचा करणार नाही. तुम्हालाही तो करायचा नसावा.

आजारपणांवर एवढं का लिहिलं, तेही सांगते. तिच्या वह्या आहेत. आमच्या जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं फाडून, दोऱ्याने शिवून केलेल्या. मुलं आजारी पडली की त्यातली एक उशाशी यायची. पेन्सिलीनेच लिहायची. अंधारात पेन उमटतंय की नाही कळत नाही, पेन्सिल बोटांना कळते, असं तिचं म्हणणं. एक पान समोर ठेवूनच उतरवते आहे: "2.10 – 102. पट्ट्या. 3.00 – 101, डोळा लागला. 4.30 – पाणी, दोन घोट, ओकली नाही. 6.00 – घाम. पाय गरम झाले." ते "पाय गरम झाले" बघा. ताप चढताना पाय गार पडतात आणि उतरायला लागला की ऊब परत येते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती थर्मामीटरच्या आधी पांघरुणात हात घालून तळवे बघायची.

डॉक्टर विचारायचे, ताप कधीपासून आहे? मी म्हणायचे, काल संध्याकाळपासून बहुतेक. आई काही न बोलता वही पुढे करायची. पुढे पुढे ते माझ्याकडे बघेनासेच झाले, थेट आईला विचारायचे. (मला राग यायचा. आता हसू येतं.)

हेच काम रुग्णालयात परिचारिका करते तेव्हा त्यासाठी आपण तिला शिक्षण देतो, पगार देतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी 1934 मध्येच एक साधी कसोटी सांगितली होती: घरातलं जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येईल, ते उत्पादक काम. आईची ती रात्र या कसोटीला सरळ उतरते. तरी देशाच्या सकल उत्पादनात असल्या बिनपगारी कामाची गणती आजही होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018 च्या अहवालाने 64 देशांतल्या अशा कामाचा अंदाज दिवसाला 16.4 अब्ज तास असा मांडला, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा बायकांचा. जे कुठल्याच खात्यात लिहिलं जात नाही ते निदान मुलीने लिहावं की नाही? त्यागाचा उदोउदो टाळायचा म्हणून तुम्ही मला नेमके हेच तास गाळायला सांगता आहात.

आजीपण ही समाजाने लादलेली भूमिका आहे, असंही तुमचं एक वाक्य आहे. अर्धं पटतं. पाळी गेल्यावर बाई इतकी वर्षं का जगते, हे जीवशास्त्राला पडलेलं खरोखरचं कोडं आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या, शिकारीवर आणि रानातल्या कंदमुळा-फळांवर जगणाऱ्या हाडझा लोकांमध्ये पाहिलं, की म्हाताऱ्या बायका कंदमुळं खणण्यात तरुणींना हार जात नाहीत, आणि आईला नवं तान्हं झालं की थोरल्या मुलाचं वजन आजी किती खणून आणते त्यावर ठरतं. फिनलंड आणि कॅनडातल्या 18व्या-19व्या शतकांतल्या नोंदींवरचा 2004 चा अभ्यास सांगतो, की पन्नाशीनंतर बाई जितकी जगली, त्यातल्या दर दहा वर्षांमागे तिला साधारण दोन नातवंडं जास्त मिळाली. निसर्गात आहे म्हणजे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही, तिकडे मला ढकलू नका. त्या कंदमुळांवर पोरं जगली, एवढंच म्हणते आहे. फुटकळ काम नव्हतं ते.

ती देवी नव्हती हेही लेखात आहे. तिचा एक नातू लाडका होता आणि ते ती लपवायची नाही. कधीकधी दार लावून घ्यायची, "आज मला कुणी हाक मारायची नाही" असं बजावून. यावर दुसऱ्या एका वाचकांनी लिहिलं, की गेलेल्या माणसाचं असं उणं काढू नये. तुम्हा दोघांना एकत्र बसवावं आणि आपण चहा करायला उठावं असं वाटलं.

आता शिक्षणाचं. ते वाक्य एकच आहे, कारण ती ते एकदाच बोलली. माझ्या मुलीच्या पुस्तकांना कव्हरं घालत होती. म्हणाली, मला पुढे शिकायचं होतं. मी म्हटलं, मग? "मग काय, राहिलं. ती कात्री दे." याच्या पलीकडे मला काही ठाऊक नाही. कुठला विषय, कोणी अडवलं, की कोणी अडवलंच नाही आणि आपोआप राहून गेलं? एवढ्याशा धाग्यावर मी शोकांतिका विणली असती तर वाचकांना आवडली असती, कदाचित तुम्हालाही. पण ती माझी झाली असती, तिची नाही.

त्यापेक्षा तुमच्या बाजूचा एक भक्कम पुरावा मीच देते. लेखानंतर भावाकडून आणखी एक वही माझ्याकडे आली. तीत नातवाच्या खोकल्याच्या नोंदींशेजारी, समासात, बारीक अक्षरात लिहिलंय: "डोळे दाखवणे", पुढे तारीख. तारखेवर काट. खाली नवी तारीख, तिच्यावरही काट. मग नुसतं "पुढच्या आठवड्यात". याला मी त्याग म्हणणार नाही. त्याग म्हणजे कुणी काहीतरी मागितलेलं असतं. इथे कुणी काही मागितलंच नव्हतं, फक्त तिचं "पुढच्या आठवड्यात" घरातल्या सगळ्यांना सोयीचं होतं. ही नोंद तुमच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा मला जास्त बोचते. आणि ती सापडली ती आजारपणाच्या वहीत, जिच्यावर मी इतकं का लिहिलं असं तुम्ही विचारता आहात.

पुढच्या बाईच्या गळ्यात पडण्याबद्दल. "आईची माया" म्हटलं की हिशोब मागता येत नाही, आणि गळ्यात पडतं ते असंच. "रात्री 2.10" लिहिलं की निदान विचारता येतं, आज 2.10 ला कोण उठणार? माझा मुलगा उठतो. मुलीच्या तापाच्या वेळा फोनमध्ये टिपून ठेवतो, आणि तळवे बघतो. मी आता स्वतः आजी आहे. नातीपाशी आठवड्यातून दोन दिवस असते, बाकीचे दिवस नाही. हे सुनेशी आणि मुलाशी बोलून, ठरवून. आईला हे विचित्र वाटलं असतं. तिच्याकडून मी काम शिकले. वेळापत्रक नाही घेतलं.

लेखाचं शीर्षक बदला अशी तुमची सूचना आहे. "आई आणि आजी" हेच राहू देते. वह्यांच्या पानांचे फोटो टाका असं बऱ्याच जणांनी सुचवलं आहे, पण त्यात मुलांची आजारपणं आहेत आणि मुलं आता मोठी झाली आहेत. दोघांना विचारलंय. मुलगी हो म्हणाली, मुलाचं उत्तर अजून आलेलं नाही.