ऑप्टिस्पार्क पावसाने मरत नाही हो, त्याच्या डोक्यावर काय गळतंय ते बघा

इकडे अमेरिकेत स्वस्तात मिळते म्हणून नव्वदीतली शेव्हरोले कॉर्व्हेट घेऊन ठेवलेले आपले बरेच जण आहेत आणि स्प्रिंगचा पाऊस सुरू झाला की त्यांच्यात एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मुद्दे साधारण असे: १९९२ ते १९९६ च्या एलटी१ इंजिनला पाणी लागलं की ऑप्टिस्पार्क (प्लगना ठिणगी वाटणारा डबा, म्हणजे त्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर) मरतो, डिझाइनच भंगार आहे, बाकी काही तपासत बसू नका, सरळ नवा टाका. तोपर्यंत सगळीकडे डब्ल्यूडी-४० मारा आणि चालू होईपर्यंत सेल्फ मारत राहा, इंजिन तापलं की पाणी आपोआप उडतं. नवा बसवताना सिलिकॉन लावून चारी बाजूंनी बंद करा, कॅपमध्ये डायलेक्ट्रिक ग्रीस भरा. आणि ९५ पासूनची गाडी असेल तर निर्धास्त राहा, तिला व्हेंट (डब्यात हवा खेळवणाऱ्या नळ्या) आहे.

यातलं थोडंफार खरं आहे, म्हणून तर तो चालतो. पण त्यावर विसंबून लोक काहीशे डॉलरचा पार्ट टाकतात, वर मजुरी देतात, आणि सहा-आठ महिन्यांनी गाडी परत तिथेच येऊन उभी राहते. मग डिझाइनच्या नावाने शंख करायला सगळे मोकळे.

आधी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात, कारण मेसेज लिहिणाऱ्याने ती कधी खोलून बघितली असेल असं वाटत नाही. १९९१ पर्यंतच्या एल९८ इंजिनात नेहमीसारखा डिस्ट्रिब्युटर होता, मागच्या बाजूला, वर. १९९२ ला एलटी१ आलं तेव्हा जीएमने (जनरल मोटर्स, कॉर्व्हेट बनवणारी कंपनी) तो उचलून इंजिनाच्या अगदी पुढे आणला, थेट कॅमशाफ्टवर फिरणारा, क्रँकच्या बॅलन्सरच्या (क्रँकच्या पुढच्या टोकावरची जड चकती) मागे आणि वॉटर पंपाच्या बरोब्बर खाली. त्या एकाच डब्यात दोन संसार आहेत. मागच्या भागात एक पातळ चकती फिरते, तिला कडेने ३६० बारीक फटी आणि आतल्या रांगेत ८ फटी, त्यातून जाणारा प्रकाश एक सेन्सर मोजतो (मूळचा सेन्सर मित्सुबिशीचा) आणि कॅम नेमका कुठे आहे ते कॉम्प्युटरला कळतं. पुढच्या भागात आपली ओळखीची कॅप आणि रोटर, म्हणजे हजारो व्होल्टचा करंट आठ प्लगना वाटणारं खातं. नाजूक इलेक्ट्रॉनिक्स आणि ठिणग्या एकाच छपराखाली. त्यामुळे "ऑप्टिस्पार्क गेला" हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की त्यातलं नक्की काय गेलं.

आता पहिला मुद्दा, पाणी लागलं की मरतो. कुठलं पाणी? पावसाचं पाणी तिथपर्यंत फारसं पोचतच नाही, पंप आणि बॅलन्सरच्या आडोशाला असतं ते सगळं. खरा वैरी वर बसलेला आहे. वॉटर पंपाचं आतलं सील थकलं की कूलंट पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून थेंब थेंब बाहेर येतं, ते भोक मुद्दाम त्यासाठीच ठेवलेलं असतं, आणि या इंजिनात त्या भोकाच्या खाली कोण आहे तर ऑप्टिस्पार्क. शिवाय एलटी१ चा पंप बेल्टवर नाही, टायमिंग कव्हरमधून बाहेर आलेल्या एका छोट्या शाफ्टवर फिरतो, त्या शाफ्टचं सील गेलं की तिथून ऑइल. खाली क्रँकचं सील आहे, ऑप्टिस्पार्क बसतो तिथलं स्वतःचं सील आहे, त्यातून आणखी ऑइल. म्हणजे तीन सीलं आणि एक पंप यांच्या मधोमध हा बिचारा. पाऊस फक्त निमित्त होतो, आधीच ओलसर आणि गंजलेल्या कॅपला हवेतली ओल पुरेशी पडते.

हे बघायला काही खोलावं लागत नाही. या गाडीचं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं, पुढची दोन्ही चाकं उघडी पडतात, टायरवर बूड टेकवून निवांत वाकता येतं. टॉर्च आणि हातातला छोटा आरसा घ्या, पंपाच्या खालच्या अंगाला धरा. तिथे हिरवट-पांढरी खार साचलेली दिसली, किंवा टायमिंग कव्हरवर ओघळ वाळलेला दिसला, किंवा बोट लावल्यावर चिकट आणि वासाला गोडसर लागलं, तर तुमचा आजार पावसाचा नाही, पंपाचा आहे. असल्या गाडीला नुसता नवा ऑप्टिस्पार्क बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी टाकणं.

दुसरा मुद्दा, तपासत बसू नका, सरळ नवा टाका. हा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण भिजल्यावर मिसिंग मारणाऱ्या एलटी१ मध्ये कित्येकदा दोष प्लग वायरींचा निघतो. आठ वायरी त्या डब्यातून निघून खालून, ब्लॉकच्या कडेने, तापलेल्या एक्झॉस्टच्या जवळून प्लगपर्यंत जातात. बदलायला इतक्या किचकट की मागच्या मालकाने त्या बदललेल्याच नसतात. रबर कडक होतं, तडकतं, कुठेतरी घासून पातळ होतं, कोरड्या दिवशी निभावतं आणि ओल आली की करंट प्लगमध्ये जायच्या ऐवजी बाहेरूनच ब्लॉकला उडी मारतो. हे शोधायचं कसं तर रात्री, लाइट बंद करून, इंजिन चालू ठेवून, झाडांना मारतात तसल्या स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी अगदी बारीक तुषार करून एकेका वायरीवर आणि मग कॉइलवर (बॅटरीचा करंट हजारो व्होल्टवर नेते ती) मारायचं. गळती असली तर निळ्या ठिणग्या डोळ्यांनी दिसतात, टकटक आवाज येतो आणि त्याच क्षणी इंजिन अडखळतं. हात लांब ठेवा, बाही-ओढणी-टाय जे काय असेल ते लांब ठेवा, पुढे बेल्ट फिरतोय आणि तो करंट चांगलाच झटका देतो. आणि तुषार मारायचाय, पाइप नाही धरायचा.

गाडी अजिबातच चालू होत नसेल तर गोष्ट वेगळी, आणि इथे त्या दोन संसारांची माहिती कामाला येते. आतल्या ८ फटींचा सिग्नल कॉम्प्युटरला मिळाला नाही तर तो ठिणगी पण देत नाही आणि इंजेक्टर पण उघडत नाही. म्हणजे सेल्फ मारताना इंजेक्टरच्या प्लगला नॉइड लाइट लावा (छोटा टेस्ट दिवा असतो, पार्टच्या दुकानात मिळतो). दिवा लुकलुकतोय पण ठिणगी नाही, तर तो सिग्नल येतोय, कॉइल, तिचं इग्निशन मॉड्यूल (कॉइलला चालू-बंद करणारा भाग) आणि कॅप-रोटर यांच्याकडे बघा. दिवा पण मेलेला, तर मात्र संशय ऑप्टिकल भागावर किंवा त्याच्या कनेक्टरवर, तो काढून आत हिरवा गंज आहे का ते बघायचं. ९५ पर्यंतच्या गाडीत स्कॅनरवर कोड १६ आला तर या ८ फटींच्या सिग्नलची तक्रार, ३६ आला तर ३६० वाल्याची. एवढं करायला एक संध्याकाळ लागते. नवा पार्ट मागवून पंप-बॅलन्सर काढून तो बसवायला किती लागतो आणि किती जातात ते ज्याने बिल भरलंय त्याला विचारा.

डब्ल्यूडी-४० बद्दल. हा सल्ला आपल्या लोकांना लगेच पटतो त्याचं कारण मला वाटतं फियाट. जुलैत मुंबईत पाण्यातून गेलेली प्रीमियर पद्मिनी बंद पडली की टॅक्सीवाला खाली उतरून दोन क्लिपा सोडायचा, डिस्ट्रिब्युटरची कॅप फडक्याने आतून-बाहेरून पुसायचा आणि गाडी चालू. ज्यांनी हे लहानपणी बघितलंय त्यांच्या डोक्यात ओलं इंजिन म्हणजे कॅप पुसा हे पक्कं बसलंय, आणि त्या गाडीला ते बरोबरच होतं. पाणी हटवायचं हेच तर डब्ल्यूडी-४० चं मूळ काम, नावातलं डब्ल्यूडी त्यावरूनच आलंय, १९५३ साली सॅन डिएगोत बनलं ते. जुन्या गाडीच्या वायरींवर बाहेरून मारलं तर तासाभराची सोय होते हे मी नाकारत नाही. पण इथे कॅप हाताशी नाही, पंप आणि बॅलन्सर काढल्याशिवाय ती निघत नाही, म्हणजे तुम्ही मारताय ते सगळं बाहेरच. जे काही फटीतून आत जाईल ते तेलकट थर होऊन बसणार, शेजारी प्रकाशावर चालणारा सेन्सर आहे. आणि ते ज्वलनशील असतं हो, मारून लगेच सेल्फ मारायचा आणि कुठेतरी वायर लीक असायची, नको तो प्रकार.

कोरडं करायचंच असेल तर कॉम्प्रेसरची हवा कमी प्रेशरवर, वायरींच्या बुटांवर आणि कॉइलवर, मग बॉनेट उघडं ठेवून उन्हात दोन-चार तास. हेअर ड्रायर चालेल, हीट गन नको.

सेल्फ मारत राहा हा मुद्दा तर सरळ धोकादायक आहे. नुसती वरून भिजलेली गाडी असेल तर फार तर स्टार्टर तापेल, बॅटरी बसेल, आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पुढे गाडी चालू झाली की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजेल. पण गाडी साठलेल्या पाण्यातून नेली असेल आणि तिथेच गचकन बंद पडली असेल, तर सेल्फला हातसुद्धा लावायचा नाही. ही गाडी जमिनीला चिकटलेली, पाणी इनटेकमधून सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर ओला आहे का बघा, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतंय का बघा. शंका आली तर आठही प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद ठेवा, मगच सेल्फ मारून पाणी बाहेर येतंय का बघा. सी-४ वर (या पिढीच्या कॉर्व्हेटचं नाव) प्लग काढणं ही शिक्षाच आहे हे मान्य, पण इंजिन बांधण्यापेक्षा बरी.

आता सिलिकॉन आणि ग्रीस, दोन्ही मिळून घेतो कारण चूक एकच आहे. ठिणगी पडते तिथे ओझोन तयार होतो, बंद डब्यात नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ओल मिळून नायट्रिक आम्ल होतं, आणि तेच आतल्या टोकांना खातं. खोललेल्या जुन्या कॅपमध्ये ती हिरवी-पांढरी भुकटी आणि दोन टोकांच्या मधे केसासारखी काळी रेघ दिसते ना, ती रेघ म्हणजे करंटने स्वतःसाठी पाडलेली पायवाट. ती एकदा पडली की कॅप पुसून उपयोग नाही, ती फेकायचीच. मग अशा डब्याला चारी बाजूंनी बंद केलं तर आतला वायू आणि ओल जाणार कुठे? कॅप आणि बॉडीच्या सांध्यावर बारीक सिलिकॉन लावणारे मेकॅनिक आहेत, त्याला माझी हरकत नाही, पण निचऱ्याची भोकं आणि व्हेंटच्या नळ्या बुजवणं म्हणजे आजार आत कोंडणं. ग्रीसचं म्हणाल तर डायलेक्ट्रिक ग्रीस करंट वाहू देत नाही, म्हणून ते वायरीच्या बुटाच्या आतल्या रबराला पातळ लावायचं, ओल आत शिरू नये आणि पुढच्या वेळी बूट फाटल्याशिवाय निघावा म्हणून. कॅपच्या आत त्याचं काही काम नाही, गरम होऊन पसरेल आणि धूळ धरून बसेल.

राहिला ९५ पासूनचा व्हेंट. हो, सुधारणा खरी आहे. सुरुवातीच्या कॉर्व्हेटवर नव्हता, नंतरच्यावर एका नळीतून फिल्टर झालेली हवा आत येते आणि दुसऱ्या नळीतून मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम आतला ओझोन आणि ओल ओढून घेतो. पण त्या नळ्या आज तीस वर्षांच्या झाल्यात राव. प्लॅस्टिकचे जोड हात लावला की तुटतात, एखादी नळी कधीतरी निघालेली असते आणि कुणाच्या लक्षातही नसतं, आणि मग व्हेंटवाला ऑप्टिस्पार्क बिनव्हेंटवाल्यासारखाच वागतो. इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमची नळी डब्याच्या बाजूने सोडा आणि टोकाला बोट लावा, ओढ जाणवली पाहिजे. नसेल तर नळी आणि तिचा चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) आधी बघा. वरचा पंप गळत असेल तर व्हेंटही वाचवत नाही, ते वेगळंच.

आणि इंजिन धुवायची हौस असेल तर थंड असताना, पुढच्या पंपाच्या भागावर प्रेशर वॉशर न मारता, ओल्या कापडाने. गरम डब्यावर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओलं आत खेचलं जातं.

ऑप्टिस्पार्क खरंच बदलायची वेळ आली तर मेकॅनिकशी आधीच बोलून घ्या की पंप, पंपाच्या शाफ्टचं सील, क्रँकचं सील आणि ऑप्टिस्पार्कचं सील त्याच वेळी होणार, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी एकदाच द्यायची आहे. वायरीही त्याच दिवशी. ऑप्टिकल भाग ठीक असेल, कोड काही नसेल, तर फक्त कॅप आणि रोटर बदलता येतात, रोटरच्या स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणूनचा गोंद) लावायला सांगा, ते सुटल्याची उदाहरणं आहेत. आणि मूळचा मित्सुबिशीचा सेन्सर असलेला जुना डबा दुकानात सोडून येऊ नका, स्वस्तातल्या नव्या डब्यांपेक्षा तो चांगला असतो, मागून घ्या आणि घरी ठेवा.