तिसरा माणूस गच्चीवर बसून काय करतो?

नमस्कार मालक,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि चिडून लिहिलेली आहे, तेव्हा तिच्याखाली दोन ओळी खरडून मोकळं होण्यापेक्षा नीट उत्तर देतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं, की हॉटेलच्या हूड-डक्टच्या (शेगडीवरचं धूर गोळा करणारं छत्र आणि त्यातून वर जाणारा पत्र्याचा नळ) सफाईला किती माणसं न्यायची हे किचन केवढं आहे ते बघून ठरवू नये, ब्लोअर (धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा) कुठे बसवलाय ते बघून ठरवावं. आणि ब्लोअर वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर असेल तर तिघांच्या खाली जाऊ नये. तुम्ही ठाण्यात हॉटेल चालवता आणि तुमचं म्हणणं असं: "दोन पोरं वर्षानुवर्षं माझं काम करून जातात. तिघे येतात तेव्हा तिसरा गच्चीवर मोबाइल बघत बसलेला असतो. एकदा एकाने पाच जण आणले, ते एकमेकांच्या पायात आले आणि वेळ तेवढाच लागला. तीन माणसं हवीत असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? तुम्ही स्वतः कंत्राटदार, तुम्ही माणसं वाढवायलाच सांगणार."

पाच जणांचं आधी उरकतो, कारण तिथे आपलं एकमत आहे. दहा फुटी हूडला तेल अडवणारे वीस इंची फिल्टर सहा बसतात. त्या हूडखाली घोड्यावर (घडीच्या शिडीवर) चढून दोन माणसं शेजारी-शेजारी खरवडू शकतात. तिसरा मध्ये घुसला की स्क्रॅपरने उडालेलं कॉस्टिक (तेलाचा थर सोडवणारा कॉस्टिक सोडा) त्याच्या मानेवर पडतं. पंप एक, पाणी मारायची गन एक, मोरी एक. स्टीलचे फिल्टर गरम कॉस्टिकच्या टाकीत अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावेच लागतात, टाकीभोवती दहा जण उभे केले म्हणून तेल लवकर सुटत नाही. (तुमचे फिल्टर ॲल्युमिनियमचे असतील तर त्या टाकीच्या आसपासही नेऊ देऊ नका. कॉस्टिक तो धातूच खातं, फिल्टर काळे पडतात, वर हायड्रोजन वायू सुटतो.) पाच माणसं मी फक्त तिथे पाठवतो जिथे हूड दोन, डक्ट दोन आणि ब्लोअरही दोन असतात. त्या दोन-दोन माणसांच्या वेगळ्या टोळ्या असतात आणि पाचवा दोन्ही टोळ्यांकडे बघतो.

आता गच्चीवरच्या माणसाकडे येऊ. तुमचा सगळा हिशेब वेळेचा आहे: दोघांना सहा तास लागतात, तर तिघांना चार लागायला हवेत, तसे लागले नाहीत, म्हणजे तिसरा फुकट. हा हिशेब भिंत रंगवताना चालतो. डक्टमध्ये चालत नाही, कारण तिथे एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी कुणीतरी हजर असावं लागतं आणि त्या ठिकाणांमध्ये तीन मजल्यांचं अंतर असतं.

पाण्याचंच बघा. डक्ट वरून खाली धुतात. वरचा माणूस ब्लोअर उघडून गन आत सोडतो. आपल्याकडे चालतात ते पंप मिनिटाला साधारण 10 लिटर पाणी फेकतात. ते पाणी वर्षभराचा मेणचट थर घेऊन खाली हूडमध्ये येतं, तिथे प्लॅस्टिकचा कागद नरसाळ्यासारखा बांधून ते ड्रममध्ये घ्यायचं. 20 लिटरची बादली 2 मिनिटांत भरते, 200 लिटरचा ड्रम 20 मिनिटांत. खालचा माणूस बिडी प्यायला बाहेर गेला तर ते काळं पाणी तुमच्या रेंजवर (शेगड्यांवर), फ्रीजच्या मागे आणि फरशीवर. कॉस्टिक आणि चरबी एकत्र आली की साबण होतो, त्या फरशीवर पाय ठरत नाही. तेव्हा वर एक, खाली एक, दोघेही जागेला खिळलेले. मधल्या मजल्यावर डक्ट आडवा जातो, त्याचे जोड गळतात, आणि त्याखाली बहुतेक वेळा तुमच्या एसी हॉलचं फॉल्स सीलिंग असतं. ते कोण बघणार? पंपाच्या आवाजात वरच्याला फोन ऐकू येत नाही. पाणी बंद कर म्हणून सांगायला खालचा धावत जिना चढला, तर ड्रमपाशी कुणी नाही. तिसरा माणूस इथे लागतो. त्याचा अर्धा वेळ खरोखर नुसता उभं राहण्यात जातो, हे मी नाकारत नाही.

दुसरं कारण पाण्यापेक्षा गंभीर आहे. आपलं काम रात्री 1 नंतर सुरू होतं आणि उडपी पद्धतीच्या हॉटेलात पहाटे 5 ला इडलीचा माणूस हजर होतो. तो झोपेतून उठून आलेला असतो, वाफ कोंडू नये म्हणून हात आपोआप एक्झॉस्टच्या बटणाकडे जातो. त्या वेळी वर कुणाचा तरी हात ब्लोअरच्या पात्यांमध्ये असतो. तुम्ही म्हणाल, मेन स्विच पाडून कुलूप लावा, माणूस कशाला उभा करता? रास्त आहे. ज्या गच्चीवर ब्लोअरशेजारीच आयसोलेटर (त्याची वीज तोडायचा स्विच) आहे, तिथे मी कुलूप लावतो, किल्ली ब्लोअरवाल्याच्या खिशात, आणि या कामासाठी माणूस धरत नाही. एमसीबीला लावायची छोटी लॉक-क्लिप बाजारात मिळते, फार महाग नसते. पण मी बघतो त्यातल्या किती तरी हॉटेलांत ब्लोअरची लाइन ज्या बोर्डातून जाते त्याच्या झाकणाला बिजागरीही धड नसते, आणि डीप फ्रीजही त्याच बोर्डावर असल्यामुळे मेन पाडता येत नाही. तिथे बोर्डापाशी माणूसच लागतो.

डोळ्यात कॉस्टिक गेलं तर काय, हेही मोजून ठेवा. गॉगल असतोच, पण घामाने तो धुकट होतो आणि पोरं वर सरकवतात, किती ओरडलं तरी. डोळ्यात गेल्यावर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरून किमान पंधरा मिनिटं धुवावा लागतो. त्या क्षणी त्या माणसाला घोड्यावरून उतरवून नळापर्यंत नेणारा दुसरा त्याच खोलीत हवा. तीन मजले वर असलेला साथीदार तिथे उपयोगाचा नाही. म्हणून डोक्याच्या वरच्या बाजूला कॉस्टिक मारायचं काम, हूड कितीही छोटा असो, एकट्याने करू देत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तुमचा मुद्दा खरा आहे. आकडा कुठेच नाही. अमेरिकेतलं एनएफपीए 96 हे हॉटेलांच्या किचनमधल्या आगीच्या सुरक्षेचं मानक तपासणी किती दिवसांनी ते सांगतं: कोळशा-लाकडावर चालणारं किचन दर महिन्याला, चोवीस तास चालणारं किंवा चायनीज रेंजचं जड काम असलेलं तीन महिन्यांनी, मध्यम सहा महिन्यांनी, अगदी हलकं वर्षाने. डक्टमधला थर 2 मिलिमीटरवर गेला की साफ करा, असंही सांगतं. काम करणारा प्रशिक्षित हवा म्हणतं. किती जण हवेत, यावर ते गप्प आहे. आपला महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा. त्याखाली जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी द्यावा लागतो, पण तो आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे याचा दाखला, डक्टमध्ये किती माणसं उतरली याचा नाही. (जाता जाता: त्या दोन महिन्यांच्या तोंडावर सगळ्यांनाच सफाई आठवते आणि नेमक्या त्याच दिवसांत टोळ्या तोडून दोन-दोन माणसांवर कामं काढली जातात. जमलं तर तुमची तारीख मार्च किंवा सप्टेंबरात घ्या.)

एका जुन्या कायद्यात मात्र माणसाचा उल्लेख आहे. 1948 च्या कारखाना अधिनियमाचं कलम 36 बंदिस्त जागेत उतरण्याबद्दल होतं. टाकी, खड्डा, नळ, धुराडं अशा जागी विषारी वायूचा संभव असेल आणि ती जागा सुरक्षित असल्याचा सक्षम व्यक्तीचा दाखला नसेल, तर आत जाणाऱ्याला श्वसनाचं साधन आणि कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा, आणि दोराचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाने धरलेलं हवं. मालक, तो बाहेरचा माणूस तासभर दुसरं काहीही करत नाही. दोर धरून उभा राहतो. लिहिणाऱ्यांनी त्याला रिकामटेकडा धरला नाही. गंमत अशी, की त्याच कायद्याच्या व्याख्येत हॉटेल, रेस्टॉरंट आणि खाण्याची ठिकाणं कारखान्यातून वगळलेली होती. म्हणजे साबणाच्या कारखान्यातल्या टाकीत उतरणाऱ्याला दोर मिळाला, आणि हॉटेलच्या डक्टमध्ये सरपटणाऱ्याच्या वाट्याला आला तो कंत्राटदाराचा स्वभाव. मॉलच्या फूड कोर्टमध्ये तीन-साडेतीन फूट रुंदीचे आडवे डक्ट असतात, माणूस आत जाऊ शकतो. मी शक्यतो कुणाला घालत नाही, दर दहा-बारा फुटांवर झाकण कापून घ्यायला सांगतो, कारण तो पत्रा माणसाच्या वजनाच्या हिशेबाने टांगलेला नसतोच. घालावंच लागलं तर चार माणसं, आणि चौथा फक्त दोरासाठी.

दोघांत काम होतं ते कुठे? भिंतीतून आरपार गेलेला फॅन, चार-पाच फुटांचा डक्ट, सगळं एका खोलीत उभं राहून दिसतं, बोर्ड हाताच्या अंतरावर. वडापाव-भजीची दुकानं, छोटी क्लाउड किचन, बरेचसे चहा-नाश्त्याचे धंदे यात बसतात. तिथे कुणी तीन माणसांचं कोटेशन दिलं तर जरूर भांडा.

मी कंत्राटदार म्हणून माणसं वाढवतो, या आरोपाला उत्तर पैशाने देतो. मी डोकी मोजून पैसे घेत नाही, पुऱ्या कामाचा आकडा देतो. तिसऱ्याची रात्रीची हजेरी माझ्याच गल्ल्यातून जाते. डोक्यावर पैसे लावणाऱ्याला माणसं वाढवायचा मोह होतो आणि ठोक रक्कम घेणाऱ्याला कमी करायचा. तुमच्याकडे दोन पोरं पाठवणारा ठोकवालाच असणार. तुमचं काम वर्षानुवर्षं चकाचक झालं म्हणता, ते हूडबद्दल मी मान्य करतो. हूड तुम्हाला दिसतो. पण दोन माणसांकडे पाच तास असताना पहिल्यांदा सोडली जाते ती जागा म्हणजे डक्टचा वरचा निम्मा भाग आणि ब्लोअरच्या पात्यांची मागची बाजू, कारण सकाळी मालक तिथे चढून बघत नाही. पुढच्या वेळी काम संपल्यावर ब्लोअर बंद असतानाच आतला फोटो मागा, पंख्याच्या कवचात बोट फिरवून काढलेला.

मोबाइलवाल्याचं एवढंच सांगतो. माझा माणूस असेल आणि पंप चालू असताना फोन बघत असेल, तर तो त्या रात्री नापास. मला थेट कळवा. पंप बंद असताना बघत असेल तर बघू दे. 3 ला काम उरकलं तरी पहिली लोकल 4 शिवाय नाही, त्या तासात तो दुसरं करणार काय?

आता तुमच्या हॉटेलाबद्दल. तुम्ही लिहिलंय त्यावरून एकच हूड आहे, डक्ट मागच्या भिंतीने दोन मजले सरळ वर जातो, आडवा भाग नाही, आणि ब्लोअर गच्चीवर. सरळ डक्ट बाहेरच्या बाजूने असल्यामुळे गळून सीलिंग खराब व्हायची भीती नाही. मग तिसऱ्याला धरून ठेवणाऱ्या दोनच गोष्टी राहतात: बोर्ड आणि निरोप. गच्चीवर ब्लोअरला लागून कुलूप बसेल असा आयसोलेटर लावून घ्या, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. वॉकीटॉकीची जोडी मी आणतो. कॉस्टिकचं हूडचं काम दोघांनी मिळून खाली आधी उरकायचं, आणि त्यानंतर एकाने वर जायचं. उलट क्रमाने नाही. असं असेल तर तुमच्याकडे मी दोनच माणसं पाठवीन, रात्री साडेबाराला आत घ्या आणि इडलीवाल्याला 6 नंतर बोलवा. आयसोलेटर लागेपर्यंत मात्र तिघे येतील, दर तोच.