‘लिनक्स टाकलं की मराठी गेली’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातोय. त्याचा मथितार्थ असा: “विंडोज १० बंद झालं म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकू नका. त्यात स्टार्ट बटण नाही, मराठी टायपिंग नाही, सी आणि डी ड्राइव्ह गायब होऊन फाइली जातात, सगळं काळ्या पडद्यावर कमांड लिहून करावं लागतं, प्रिंटर आणि टॅली चालत नाही. त्यापेक्षा मशीन भंगारात द्या, नवीन घ्या.”

मी अमळनेरला डीटीपी आणि टायपिंगचं काम करतो. माझ्या टेबलावरचं मशीन सहाव्या पिढीचं आय-थ्री आहे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे ते त्यात बसत नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना त्यानंतर फक्त आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट. म्हणजे प्रश्न खरा आहे. पण मेसेजातलं उत्तर चूक आहे, आणि ते वाचून धडधाकट मशीनं कवडीमोलाने जाताना पाहून मला राग येतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी मोफत सिस्टिम. तिचे प्रकार पुष्कळ. मी रोज वापरतो ते लिनक्स मिंट, त्यातही सिनॅमन नावाच्या पडद्याच्या मांडणीचं. पुढचं सगळं त्याबद्दल.

“स्टार्ट बटण नाही.” आहे, डाव्या कोपऱ्यात खालीच. विंडोजचं चिन्ह असलेली कळ दाबली की तोच मेनू उघडतो. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, ऑल्ट-टॅब, विंडोज-ई, विंडोज-डी जसेच्या तसे. कंट्रोल पॅनेलला इथे सिस्टिम सेटिंग्ज म्हणतात, टास्क मॅनेजरला सिस्टिम मॉनिटर, रिसायकल बिनला ट्रॅश. स्क्रीन लॉक करायला विंडोज-एल नाही, कंट्रोल-ऑल्ट-एल. माझा हात या एका ठिकाणी आठवडाभर चुकत राहिला.

“मराठी टायपिंग नाही.” हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. मागे एक शेतकरी भाऊ लॅपटॉप घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, “भाऊ, मना कॉम्प्युटरमा मराठीच नही!” मराठी होती, फक्त चालू केलेली नव्हती. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट्स, तिथल्या अधिकच्या चिन्हावर टिचकी, आणि यादीत मराठी. मग खालच्या पट्टीवर भाषेची खूण येते, तिथून इंग्रजी-मराठी बदलायचं.

इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी. ती शिकलेल्या माणसाच्या बोटांना तर काही फरक कळणारही नाही. ही मांडणी कुठल्या कंपनीची नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या मानकात ती घेतली, म्हणून ती विंडोज आणि मिंट दोन्हीकडे एकच. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्या’ आमच्या धंद्यात कसोटीचा, ग्रामपंचायतीच्या ठरावात तो दर ओळीला येतो. शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. विंडोजवर हेच, मिंटवर हेच. ‘ळ’ सुद्धा शिफ्ट-एनवरच. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्यांसाठी आयबस नावाची सोय आहे, पण तिथे काही अक्षरांचे नियम वेगळे आहेत, दोन दिवस घोळ होतो. खरी अडचण टाइपरायटरच्या मांडणीवर हात बसलेल्यांची. आयबसमध्ये हिंदीची रेमिंग्टन ही टाइपरायटर मांडणी मिळते, पण मराठीची सवय तिच्यावर तंतोतंत बसत नाही. परीक्षा टाइपरायटर मांडणीवर दिलेल्या माणसाला मी घाईने बदला असं सांगणार नाही.

जुन्या फाइली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, त्यालाही लोक ‘मराठी गेली’ म्हणतात. शिवाजी किंवा श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, मराठी रूप फक्त फॉन्ट देतो. फॉन्ट नसेल तर विंडोजवरही हाच कचरा दिसतो. फॉन्टची फाइल मिंटमध्ये आणून तिच्यावर डबल क्लिक करा, इन्स्टॉल दाबा, लायब्रे ऑफिस (मिंटमधलं वर्ड-एक्सेलच्या जागचं सॉफ्टवेअर) बंद करून पुन्हा उघडा, मजकूर परत दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे खरी मराठी अक्षरंच साठवणाऱ्या पद्धतीत, लिहिलेल्या फाइलींना हीसुद्धा खटपट नाही. विंडोजचा मंगल फॉन्ट नसला तर दुसरा देवनागरी फॉन्ट त्याची जागा घेतो. ओळी थोड्या सरकतात, म्हणून छपाईआधी पानं तपासा.

“सी आणि डी ड्राइव्ह गायब होतात.” अक्षरं गायब होतात, ड्राइव्ह नाही. फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला जुनी डी ड्राइव्ह तिच्या नावाने किंवा आकाराने दिसते, टिचकी मारली की उघडते. दोन्ही सिस्टिम ठेवल्या असतील तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर चालू व्हावं म्हणून ते पूर्ण बंद न करणारी सोय) बंद करा, नाहीतर ती ड्राइव्ह नुसती वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. मात्र फाइली जातात ही भीती पोकळ नाही. इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला तर सगळं पुसलं जातं. एका गुरुजींची दहावीची गुणपत्रकं अशीच गेली. इन्स्टॉल करणाऱ्याने विचारलं नाही, गुरुजींनी बॅकअप घेतला नव्हता. आधी सगळं दुसरीकडे उतरवा, मगच हात लावा.

मेसेजात नसलेली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. पेन ड्राइव्हवर फाइल टाकताना पट्टी भरते आणि काम झालं असं वाटतं, पण लिहिणं मागे चालूच असू शकतं. विंडोजवर पेन ड्राइव्ह तशीच ओढून घ्यायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. मी एकदा लग्नपत्रिकेची फाइल टाकून, पेन ड्राइव्ह उपटून प्रेसवर गेलो, तर तिथे फाइल अर्धीच. पेन ड्राइव्हच्या नावाशेजारी बाणाचं छोटं चिन्ह असतं. ते दाबायचं, काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबायचं.

“काळ्या पडद्यावर कमांड.” अपडेट मॅनेजर आहे, सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, दोन्ही माउसवर चालतात. इंटरनेटवर मदत मागितली की लोक कमांड देतात, कारण दहा चित्रं काढून दाखवण्यापेक्षा एक ओळ चिकटवणं त्यांना सोपं जातं. त्यावरून दुसरा रस्ताच नाही असं ठरत नाही.

“प्रिंटर आणि टॅली चालत नाही.” इथे मेसेज अर्धा खरा आहे. अलीकडचे वायफाय प्रिंटर बहुधा आपोआप ओळखले जातात. पण दुकानादुकानांत दिसणारा एक जुना लेझर प्रिंटर मला दोन दिवस झगडूनही नीट चालवता आला नाही. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजवरच चालतो असं गृहीत धरा. सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन लागतं, त्याची सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतात. टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकनही त्रास देतं. अशा काउंटरवरचं मशीन बदलू नका. पण रावेर-यावलकडे केळीच्या घडांचा आणि मजुरीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्याला, किंवा शाळेची पत्रं लिहिणाऱ्या गुरुजींना यातलं काय लागतं? हिशेबाची फाइल लायब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडते, बेरजा तशाच राहतात. फाइलीत मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या सूचना, असले तर मात्र ते तपासावे लागतात.

आणि मशीनवरचं काहीही न पुसता हे बघता येतं. मिंटची फाइल रिकाम्या पेन ड्राइव्हवर घ्या (नुसती कॉपी करून चालत नाही, त्यासाठीच्या प्रोग्रामने लिहावी लागते, आणि त्या पेन ड्राइव्हवरचं आधीचं पुसलं जातं), मशीन तिच्यावरून चालू करा, इन्स्टॉलला हात लावू नका. आपला प्रिंटर जोडा, कीबोर्डमध्ये मराठी घ्या, ‘शेतकऱ्यांच्या’ लिहा आणि छापा. कागदावर नीट उमटलं नाही तर मशीन बंद करून पेन ड्राइव्ह काढा. विंडोज होतं तिथेच आहे.