‘तीन कॅसेट्स तशाच परत दिल्या’ या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

तुमच्या वडिलांनी दूरदर्शनवरून टेप केलेल्या जुन्या सिनेमांच्या २२ कॅसेट्स डिजिटल फाइल्समध्ये उतरवण्यासाठी आम्ही सात आठवडे ठेवून घेतल्या, तीन तशाच परत दिल्या आणि वर साफसफाईचे पैसे लावले, असं तुम्ही लिहिलंय.

पैशांबाबत चूक माझीच. कॅसेट्स उघडण्याआधी फोन करून वेगळा खर्च सांगायला हवा होता. ती रक्कम आजच परत पाठवतो.

त्या तीन मात्र मी मुद्दामच लावल्या नाहीत. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात बघा, गुंडाळीच्या कडेला पांढरे, कापसासारखे तंतू दिसतील. ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडला, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागाला चिकटते, टेप अडकून तुटू शकते आणि पुढे लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते. त्यांतल्या एकीवर वडिलांनी ‘पुसू नये’ असं लिहिलंय आणि कडेची प्लॅस्टिकची टिकलीही तोडून ठेवलीय, म्हणजे चुकूनसुद्धा वर दुसरं काही टेप होऊ नये. इतक्या जपलेल्या वस्तूवर प्रयोग करायला माझा हात धजावला नाही. हे पावतीवर एका ओळीत उरकलं, तुम्हाला समोर बसवून दाखवलं नाही, याचं वाईट वाटतं.

वेळेचं म्हणाल, तर तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. शिवाय उरलेल्या १९ पैकी सहांना बुरशी नुकती धरत होती. खालचे पाच स्क्रू काढून त्यांची टेप हाताने पुसली. मशीन जपावंच लागतं. फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आता जुन्यांवरच भिस्त.

बुरशीच्या कॅसेट्ससाठी आमच्याकडे वेगळा व्हीसीआर आहे, त्याचा पिंच रोलर, म्हणजे टेप पुढे सरकवणारं रबरी चाक, बदलायला दिलाय. तो आला की मी स्वतः फोन करेन. साफ करून लावून बघू. चित्र किती येईल याची हमी आत्ता देत नाही, पण त्या तिन्हींचे पैसे घेणार नाही.

तोवर कृपा करून कुणाच्या घरच्या व्हीसीआरवर त्या लावून बघू नका. बाकीच्यांपासून वेगळ्या, सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. आणि १९ कॅसेट्स परत माळ्यावर नकोत, पावसाळ्यात तिथेच ओल धरते. पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकांसारख्या उभ्या, कोरड्या कपाटात राहू द्या. फाइल्स मिळाल्या म्हणून टाकून मात्र देऊ नका.