‘पन्नास मिलिसेकंदांनी असा काय फरक पडतो?’ : गेमसाठी टीव्ही निवडण्यावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुम्ही सडेतोड लिहिलंत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता उत्तर देतो.

गेम खेळण्यासाठी टीव्ही घ्यायचा असेल तर सगळ्यात आधी इनपुट लॅग बघा (म्हणजे कन्सोलकडून आलेलं चित्र पडद्यावर दाखवायला टीव्ही जो वेळ लावतो तो), आकार आणि चित्राची चमक नंतर, असं मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप चार. एक, माणसाला डोळ्यांनी बघून बटण दाबायलाच दोनशेहून जास्त मिलिसेकंद लागतात, तर टीव्हीच्या पन्नास-साठ मिलिसेकंदांचा एवढा बाऊ कशाला? दोन, गेम मोड (लॅग कमी करणारं टीव्हीचं सेटिंग) लावला की चित्र फिकं पडतं आणि घरातल्या बाकीच्यांना त्याचा त्रास. तीन, १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा, हा नुसता जाहिरातीचा आकडा. चार, ज्याला लॅगची एवढी चिंता त्याने सरळ मॉनिटर घ्यावा. यातला पहिला आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो ऐकायला एकदम पटतो आणि त्याच्याच भरवशावर अनेकजण चुकीचा टीव्ही घरी आणतात.

प्रतिक्रियेला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, हे खरंच आहे. पण टीव्हीचा लॅग त्या वेळात विरघळून जात नाही, तो त्याच्यावर चढतो. हिशेबच मांडू. मारामारीचे गेम सेकंदाला ६० फ्रेमने (फ्रेम म्हणजे एक चित्र) चालतात, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. समजा प्रतिस्पर्ध्याचा एखादा जड वार सुरू झाल्यापासून लागेपर्यंत २४ फ्रेम घेतो. म्हणजे तुमच्या हातात ४०० मिलिसेकंद आहेत. तो वार दिसणं, ओळखणं आणि अंगठा हलणं यात २५० गेले. कंट्रोलर, कन्सोल आणि खुद्द गेम मिळून आणखी साठ-सत्तर खातात, त्यावर तुमचा काही इलाज नाही. उरले ऐंशी-नव्वद. टीव्ही गेम मोडमध्ये १५ घेत असेल तर तुम्ही तो वार आरामात अडवता. तोच टीव्ही सिनेमाच्या मोडमध्ये १०० घेत असेल तर अडवण्याची संधी कधी मिळालीच नाही. खेळाडू तोच, हात तेच, सरावही तेवढाच. फरक फक्त टीव्हीचा. दोनशेच्या तुलनेत पन्नास लहान दिसतात, पण तुलना दोनशेशी करायचीच नाही. सगळं वजा जाऊन शेवटी जो वेळ उरतो त्याच्याशी करायची.

आणि हे झालं फक्त ‘बघून दाबण्या’बद्दल. गेममधला बराचसा वेळ आपण प्रतिक्रिया देत नसतो, सतत दुरुस्ती करत असतो. नेम धरताना स्टिक ढकलायची, निशाण कुठे पोचलं ते बघायचं, थांबायचं, थोडं मागे घ्यायचं. हे चक्र अखंड चालू असतं. टीव्ही मागे असेल तर तुम्हाला दिसतं ते निशाण मघाशी जिथे होतं ती जागा. तुम्ही थांबता तोवर ते पुढे निघून गेलेलं असतं, मग उलट ओढता, तेही जास्त होतं. गाडीच्या गेममध्ये वळणावर गाडी डावी-उजवी हेलकावते, ती याच कारणाने. तुम्ही लिहिलंत, ‘मला तर लॅग कधी जाणवला नाही.’ यात मला नवल वाटत नाही. लॅग हा लॅग म्हणून फार क्वचित जाणवतो. ‘या गेमचे कंट्रोल जड आहेत’, ‘कंट्रोलर जुना झाला’, ‘आपलं वय झालं’ अशा रूपांत तो जाणवतो. लोक चांगले गेम अर्धवट सोडून देतात आणि दोष स्वतःच्या हातांना देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच मी या विषयाचा एवढा आग्रह धरतो.

गेम बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. तालावर बटण दाबायच्या गेममध्ये सुरुवातीलाच एक जुळवणीचा पडदा येतो. ठेक्यावर बटण दाबत राहा, म्हणजे तुमचा टीव्ही किती मागे आहे ते गेम मोजतो आणि त्या हिशेबाने चित्र आधी पाठवतो. गाणं आधीपासून ठरलेलं असतं, म्हणून हे जमतं. समोरचा माणूस पुढच्या क्षणी काय करणार हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे मारामारीच्या किंवा नेमबाजीच्या गेममध्ये ही भरपाई करताच येत नाही. तिथे टीव्हीचा लॅग पूर्णपणे तुमच्या खात्यातून जातो.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगतो. निन्टेंडोच्या १९८०च्या दशकातल्या कन्सोलसोबत एक प्रकाश ओळखणारी बंदूक मिळायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि सावजाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीने नेमक्या त्याच क्षणी तो उजेड पकडला तर नेम लागला. काचेच्या नळीच्या टीव्हीवर हे चोख चालायचं, कारण आलेला संदेश तो टीव्ही तसाच, थेट पडद्यावर उतरवायचा. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक वापरली तर एकही नेम लागत नाही. उजेड येईपर्यंत बंदुकीची वाट बघायची वेळ संपलेली असते.

मग आजचा टीव्ही एवढा वेळ करतो तरी काय? चित्रावर संस्कार करत असतो. कण पुसतो, कडा धारदार करतो, कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करतो. यातला सगळ्यात खर्चिक प्रकार हालचाल गुळगुळीत करण्याचा. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनावट फ्रेम घालायची तर दुसरी खरी फ्रेम हातात आल्याशिवाय ती बनवताच येत नाही. म्हणजे टीव्हीला चित्र मुद्दाम रोखून धरावंच लागतं. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी यातून सुटका नाही. गेम मोड म्हणजे यातली बहुतेक कामं बंद. आणि खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ असं छापलेलं असतं तो रिस्पॉन्स टाइम, पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ. त्याचा इनपुट लॅगशी काहीही संबंध नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. फोनवर २४० फ्रेमचं स्लो मोशन लावा. कंट्रोलर धरलेला अंगठा आणि टीव्हीचा पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा फोन टेकवून ठेवा. एखाद्या गेममध्ये उडीचं बटण ठासून दाबा. मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. बटण तळाला टेकलं ती फ्रेम, आणि पात्राचे गुडघे पहिल्यांदा वाकले ती फ्रेम, यांच्यामधल्या फ्रेम मोजा. एकेक सुमारे ४ मिलिसेकंदांची. आता टीव्ही सिनेमाच्या मोडवर टाका आणि तेच पुन्हा करा. बाकी साखळी तीच असल्यामुळे जो फरक येईल तो निव्वळ टीव्हीचा. वीस फ्रेम जास्त निघाल्या तर ऐंशीहून अधिक मिलिसेकंद झाले. एकाच मोजणीवर मात्र जाऊ नका, दोन्ही मोडमध्ये काही वेळा मोजून सरासरी काढा.

एवढं सांगून लगेच हेही सांगतो की या आकड्यांचा कीस पाडण्यात अर्थ नाही. ६० हर्ट्झचा पडदा वरून खाली रंगत जातो आणि त्याला पूर्ण १६.७ मिलिसेकंद लागतात. म्हणून पडद्याच्या मधोमध मोजलं तर आदर्श टीव्हीसुद्धा आठच्या आसपास आकडा देईल. परीक्षणात एका टीव्हीचा १० आणि दुसऱ्याचा १३ दिसला तर दोन्ही सारखेच समजा. वीसच्या आत सगळं उत्तम. चाळीसच्या पुढे गेलं की वेगवान गेमसाठी मी तो टीव्ही बाजूला ठेवीन, मग त्याचं चित्र कितीही देखणं असो.

आता चित्राबद्दल. गेम मोडमध्ये चित्र फिकं पडतं, हे तुमचं निरीक्षण काही टीव्हींबाबत रास्त आहे. विशेषतः मागचा उजेड भागाभागाने कमीजास्त करणाऱ्या काही एलसीडी टीव्हींमध्ये गेम मोडला ते काम सैल पडतं आणि काळा रंग राखाडी दिसायला लागतो. पण बऱ्याचदा होतं असं, की आपण कंपनीच्या भडक मोडला सरावलेले असतो आणि त्याच्या शेजारी सगळंच निस्तेज वाटतं. गेम मोडच्या आतही सेटिंग बदलता येतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. रंगाचं तापमान उबदार करा, शार्पनेस खाली आणा, आणि कन्सोलमध्ये एचडीआरच्या (चित्रातला उजळ-गडद फरक जास्त दाखवणाऱ्या सोयीच्या) जुळवणीचे पडदे असतात ते घाईत पुढे ढकलू नका. टीव्हीत एचजीआयजी असा पर्याय असेल तर तो आधी लावा आणि मग ती जुळवणी करा. म्हणजे उजेडाचा हिशेब कन्सोल करतो, टीव्ही त्यात मध्येच स्वतःची ढवळाढवळ करत नाही.

घरच्यांच्या त्रासाचं उत्तर तर तयारच आहे. एएलएलएम नावाची सोय असलेला टीव्ही घ्या. कन्सोलने सांगितलं की टीव्ही आपला आपण गेम मोडवर जातो, काम संपलं की परत येतो. सिनेमा बघणाऱ्याला रिमोटही उचलावा लागत नाही.

१२० हर्ट्झच्या बाबतीत आपलं बरंचसं जुळतं. बहुतेक गेम ६० किंवा ३० फ्रेमनेच चालतात, आणि खोक्यावर ‘मोशन रेट २४०’ वगैरे लिहिलेलं असतं तो पडद्याचा खरा वेग नव्हे. पण खऱ्या १२० हर्ट्झच्या पडद्याचा एक फायदा तुमच्या नजरेतून निसटलाय. काही गेम हल्ली ४० फ्रेमचा पर्याय देतात. ६०ला ४०ने नीट भाग जात नाही, म्हणून ६० हर्ट्झवर चित्र अडखळतं. १२०मध्ये मात्र ४० बरोबर तीनदा बसतात. ४० फ्रेम म्हणजे ३० पेक्षा जेमतेम दहा जास्त, असं वाटेल. पण वेळेत बघा : ३०ला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची, ६०ला १६.७, आणि ४०ला २५. अगदी मधोमध. चित्राचा दर्जा जवळपास ३० फ्रेमसारखा राहतो आणि हाताला फरक स्पष्ट कळतो. मला स्वतःला कथाप्रधान गेमसाठी हाच पर्याय सगळ्यात आवडतो.

व्हीआरआरचंही, म्हणजे पडद्याचा वेग बदलता ठेवण्याच्या सोयीचंही, तसंच. कन्सोलच्या फ्रेम मागेपुढे झाल्या तर पडदा आपला वेग त्याप्रमाणे बदलतो आणि चित्र मध्येच फाटत नाही. प्लेस्टेशन ५ ला ही सोय एप्रिल २०२२मध्ये मिळाली आणि ती ४८ ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात चालते. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर त्या पट्ट्याचा फारच छोटा तुकडा वाट्याला येतो.

मॉनिटर घ्या, हा सल्ला टेबलाशी बसून एकट्याने खेळणाऱ्याला मीही देतो. पण तुम्हीच लिहिलंत की तुम्ही भावाबरोबर सोफ्यावर बसून फुटबॉल आणि मारामारीचे गेम खेळता आणि सोफा टीव्हीपासून तीन मीटरवर आहे. तिथून २७ इंची मॉनिटरवर चेंडू शोधावा लागेल. शिवाय चांगला टीव्ही १२० हर्ट्झवर गेम मोडमध्ये दहा मिलिसेकंदांच्या आत येतो. मॉनिटरचा जुना वरचष्मा तिथे जवळजवळ संपतो.

त्या तीन मीटरचा आणखी एक अर्थ आहे. ५५ इंची पडद्यावर १०८०पीचा एक पिक्सेल सुमारे ०.६३ मिलिमीटरचा असतो आणि सव्वादोन मीटरच्या पलीकडून साधारण निरोगी डोळ्याला तो वेगळा दिसत नाही. तुमच्या अंतरावरून फोर-केचा खरा फायदा ७५ इंचांच्या पुढे सुरू होतो. त्यामुळे दोन टीव्हींमध्ये निवड करताना रेझोल्यूशनसाठी लॅगवर पाणी सोडू नका. चमक, काळ्या रंगाची खोली आणि एचडीआर मात्र कुठूनही दिसतात. तिथे हात आखडता घेऊ नका.

तुम्ही शेवटी विचारलंत, ओएलईडी की एलसीडी. ओएलईडीचे पिक्सेल जवळजवळ क्षणात बदलतात, गडद दृश्यात शेपटासारखी ओढ दिसत नाही, काळा म्हणजे काळाच. पण तुम्ही रोज तासन्‌तास एकच फुटबॉलचा गेम खेळता, आणि त्यात धावफलक कायम एका कोपऱ्यात. अशा न हलणाऱ्या आकृतीची छाप पडद्यावर कायमची राहण्याचा धोका ओएलईडीला असतो, आणि तुमची खोली दिवसा उजेडाची आहे, तिथे एलसीडीची जास्त चमक कामी येते. म्हणून तुमच्यासाठी मी व्हीए पॅनेलचा (हा एलसीडी पडद्याचा एक प्रकार), मागचा उजेड भागाभागाने सांभाळणारा, १२० हर्ट्झचा एलसीडी निवडीन. गडद दृश्यात थोडी ओढ दिसेल, तेवढं सोसा. तुम्ही दोघंही पडद्याच्या बरोबर समोर बसता का, ते आधी बघा. बाजूने बघितलं की व्हीएचे रंग उतरतात.

घेताना ‘एचडीएमआय २.१’ (कन्सोल जोडायच्या पोर्टची नवी आवृत्ती) एवढ्या शब्दांवर जाऊ नका. त्या नावाखालच्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे फोर-के १२०, व्हीआरआर आणि एएलएलएम ही तिन्ही नावं वेगवेगळी तपासा. पूर्ण क्षमतेचे पोर्ट अनेक टीव्हींत दोनच असतात, आणि त्यातलाच एक साउंडबारसाठीचा ईएआरसी निघतो. तुमच्याकडे साउंडबार आहे, म्हणजे कन्सोलला उरला एकच. कन्सोल थेट टीव्हीला जोडा, साउंडबारमधून नेऊ नका, कारण बरेच साउंडबार फोर-के १२० पुढे पाठवत नाहीत. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा सिग्नल ‘एन्हान्स्ड’ किंवा तत्सम नावाच्या पर्यायावर न्या. काही टीव्हींत तो पर्याय बंद असतो आणि मग कन्सोलच्या यादीत १२० हर्ट्झ दिसतच नाही.