चाणक्य सदतिसाव्या वर्षीच गेलं

परवा पणजीत कांपालला कला अकादमीत नाटकाला गेले होते आणि राहून राहून आठवत होतं ते दिल्लीचं ‘चाणक्य’ थिएटर.

नव्वदच्या दशकात मी फोंड्याहून दिल्लीला शिकायला गेले. शनिवारी आम्ही मुली चाणक्यपुरीत जायचो. आधी यशवंत प्लेसचे मोमो, मग सिनेमा. गावाकडचं थिएटर म्हणजे रंगवलेली दर्शनी भिंत आणि तिच्यावर पोस्टर. इथं प्लास्टर नाही, रंग नाही, सगळं उघडं काँक्रीट. पहिल्यांदा वाटलं, काम अर्धवट राहिलंय की काय! आत एकच भलामोठा पडदा आणि हजाराच्या आसपास खुर्च्या. दिवे गेले की एवढी माणसं एकदम गप्प व्हायची. वास्तुरचनाकार पी. एन. माथुर यांनी बांधलेलं हे थिएटर १९७० मध्ये सुरू झालं.

जागा नगरपालिकेची. तिला तिथं मल्टिप्लेक्स हवा होता. थिएटर चालवणारे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ हा शेवटचा सिनेमा लागला. पुढच्या वर्षी इमारत पाडली. आता तिथं महागड्या दुकानांचा मॉल आहे.

सदतीस वर्षं हे काय इमारतीचं मरायचं वय झालं? दिल्लीतच प्रगती मैदानावरचा, वास्तुरचनाकार राज रेवल यांचा ‘हॉल ऑफ नेशन्स’ हा प्रदर्शनाचा हॉल १९७२ चा. वारसा म्हणून तो वाचवा, अशी मागणी झाली, तेव्हा उत्तर मिळालं की साठ वर्षं पूर्ण नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत तो पाडला. साठ व्हायच्या आधीच पाडलं तर साठ होणार कशी?

आपल्याकडे गोव्यातही तेच. पोर्तुगीज काळातलं घर पडलं की आपण हळहळतो, आणि हळहळायलाच हवं. पण १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर आपण स्वतः जे बांधलं त्याचं काय? वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची कला अकादमी १९८३ ची. रस्त्यावरून आत शिरलं की थेट मांडवी नदी दिसते, दार नाही की अडसर नाही. नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी रंगवलेले प्रेक्षक बसलेत. नाटक पडलं तरी ते उठून जात नाहीत. नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस; काँक्रीटमधली सळई गंजणारच. वेळच्या वेळी गळती काढली नाही की दहा वर्षांनी तीच इमारत ‘धोकादायक’ ठरते. १९६१ नंतरच्या इमारतींची यादी सरकारनं आताच करावी, वयाची अट न घालता. आणि त्या यादीत गावागावांतली एकपडदा थिएटरंही हवीत, जी अजून उभी आहेत ती.