चौरीचौरा: गांधींनी खरंच हात झटकले का?

दर वर्षी फेब्रुवारीचा पहिला आठवडा आला की चौरीचौराचा एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. गांधींनी लोकांना भडकवलं. चौरीचौरात पोलिसांनी निरपराधांवर गोळ्या झाडल्या, लोकांनी उत्तर दिलं. ते पाहून गांधी घाबरले, पोलिसांचा दोष झाकून, हात झटकून मोकळे झाले, आणि इंग्रज गाशा गुंडाळायच्या बेतात असताना त्यांनी असहकाराची चळवळ मागे घेतली. 172 गरिबांना फाशी ठोठावली गेली, काँग्रेसने त्यांना वाऱ्यावर सोडलं, एकट्या पंडित मालवीयांनी त्यांना वाचवलं. आणि गांधी? दोन वर्षांत बाहेर. शेवटी 'हे तुम्हाला शाळेत शिकवलं नाही' हे शेपूट असतंच.

यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तर मजकूर चालतो. 172 हा आकडा खरा आहे. चळवळ मागे घेतली हे खरं, त्यावर काँग्रेसमधलेच बडे नेते संतापले हेही खरं. बनवाबनवी आहे ती या तुकड्यांच्या जोडकामात.

आधी तो दिवस. चौरीचौरा गोरखपूर जिल्ह्यात. जवळच मुंडेरा नावाचा बाजार होता, आणि तो एका जमीनदाराच्या मालकीचा. 1922 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला असहकाराचे स्वयंसेवक तिथे निदर्शनं करायला गेले असताना फौजदार गुप्तेश्वर सिंह याने भगवान अहीर या स्वयंसेवकाला मारहाण केली. भगवान अहीर सैन्यातून निवृत्त झालेला, सरकारी पेन्शन खाणारा माणूस. सरकारचंच मीठ खाऊन सरकारविरुद्ध उभा राहतो, याचा फौजदाराला राग असावा. 4 फेब्रुवारीला, शनिवारी, डुमरी गावात स्वयंसेवक जमले आणि ठरलं की ठाण्यावर जाऊन फौजदाराला जाब विचारायचा, मग बाजारात निदर्शनं करायची.

मोर्चा ठाण्याशी आला. पोलिसांनी आधी हवेत गोळीबार केला. कोणी पडलं नाही हे पाहिल्यावर गर्दीत आरोळी उठली की गांधीजींच्या कृपेने गोळ्यांचं पाणी झालं. शेजारी रेल्वेचा रूळ होता, खडीला तोटा नव्हता. दगड सुरू झाले, मग पोलिसांनी गर्दीवर नेम धरला आणि मोर्चातली माणसं मेली. त्यानंतर लोक ठाण्यावर तुटून पडले, दारं कोंडून आग लावली, बाहेर पडणाऱ्यांना मारून पुन्हा आगीत टाकलं. फौजदारासह 22-23 पोलीस आणि चौकीदार गेले. घोषणा चालू होती 'महात्मा गांधी की जय'.

'गांधींनी पोलिसांचा दोष झाकला' हे वाक्य इथेच गळून पडतं. 16 फेब्रुवारीच्या 'यंग इंडिया' या आपल्या साप्ताहिकात गांधींनी स्वतः लिहिलं आहे की मोर्चा पुढे निघून गेल्यावर मागे रेंगाळलेल्यांना पोलिसांनी अडवलं, शिवीगाळ केली. ते मदतीला ओरडले तेव्हा जमाव परत फिरला, आणि मग गोळीबार झाला. त्या भागातल्या पोलिसी जुलमाचा उल्लेखही त्याच लेखात आहे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जी माणसं निःशस्त्र होऊन तुमच्या दयेवर उरली, त्यांना कापून काढायला कुठलीही चिथावणी पुरेशी कारण होत नाही. हे न पटणारे असू शकतात. पण त्यांनी ते लपवलं, असं म्हणायचं तर तो लेख कोणी वाचलाच नाही असं धरून चालावं लागेल.

'भडकवलं' या आरोपाचं उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे. हे घडलं तेव्हा गांधी तिथे नव्हते. त्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, 8 फेब्रुवारी 1921 ला, ते गोरखपुरात एका दिवसासाठी येऊन गेले होते. ते गेल्यावर जिल्ह्यात त्यांच्याबद्दल चमत्कारांच्या गोष्टी पसरल्या: विहिरीला पाणी आलं, गांधींना नावं ठेवणाऱ्याच्या घरात काहीबाही विपरीत घडलं. त्या गोष्टींमधला महात्मा आणि साबरमतीतला माणूस यांचा फारसा संबंध उरला नव्हता. 'गोळ्यांचं पाणी झालं' ही आरोळी तिथूनच आलेली. दुसऱ्या बाजूला, भरती होणारा प्रत्येक स्वयंसेवक अहिंसेच्या प्रतिज्ञेच्या छापील फॉर्मवर सही किंवा अंगठा करत होता. दैव असं की पुढे हेच फॉर्म पोलिसांच्या हाती पडले आणि आरोपी हुडकायला कामी आले.

म्हणजे हुकूम गांधींचा नव्हता. पण जयजयकार त्यांचाच होता. या दोन वाक्यांमधल्या अंतरातच नेत्याच्या जबाबदारीचा प्रश्न राहतो, आणि दोन्ही बाजूंचे भक्त नेमकं ते अंतर बुजवून टाकतात. मजकूरवाले म्हणतात, जयजयकार होता म्हणजे हुकूम होता. त्यांना उत्तर देणारे गांधीप्रेमी म्हणतात, हुकूम नव्हता म्हणजे संबंधच नव्हता.

या दुसऱ्या बचावाला खुद्द गांधींनी भर कोर्टात पाणी सोडलं. 10 मार्च 1922 ला त्यांना अटक झाली, 18 मार्चला अहमदाबादला न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे खटला उभा राहिला. आरोप चौरीचौराचा नव्हता, 'यंग इंडिया'तल्या तीन लेखांवरून राजद्रोहाचा होता, कलम 124-अ. सरकारतर्फे अॅडव्होकेट जनरल स्ट्रँगमन यांनी शिक्षेच्या मुद्द्यावर बोलताना मुंबई, मद्रास आणि चौरीचौराचा पाढा वाचला: हा शिकलेला, मानलेला माणूस आहे, आपल्या लिहिण्याचा परिणाम काय होईल हे याला कळायला हवं होतं.

कुठलाही वकील इथे उठून म्हणाला असता, माझ्या अशिलाने अहिंसा सांगितली होती, गोरखपूर इथून किती कोस. गांधी उठले आणि म्हणाले की सरकारी वकिलांनी माझ्या माथी मारलेला सगळा दोष मला मान्य आहे. चौरीचौरातल्या सैतानी कृत्यांपासून आणि मुंबईतल्या वेड्या अत्याचारांपासून स्वतःला वेगळं काढणं मला अशक्य आहे. आपण आगीशी खेळतो आहोत हे मला ठाऊक होतं, आणि सोडलंत तर पुन्हा तेच करीन, हेही त्याच भाषणात.

'हात झटकले' म्हणणाऱ्यांनी हे भाषण एकदा डोळ्याखालून घालावं. त्याआधी 12 फेब्रुवारीपासून त्यांनी पाच दिवसांचं उपोषण केलं होतं ते वेगळंच. आणि हे काही चौरीचौरापुरतं उमटलेलं शहाणपण नव्हतं. एप्रिल 1919 मध्ये अहमदाबाद आणि विरमगावला जाळपोळ झाली तेव्हा त्यांनी सत्याग्रह थांबवला आणि आपली 'हिमालयाएवढी चूक' झाल्याचं कबूल केलं. 17 नोव्हेंबर 1921 ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, बहिष्काराचं रूपांतर दंगलीत झालं, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना मारहाण झाली, पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधी तेव्हा मुंबईतच होते. त्यांनी लिहिलं की दोन दिवस पाहिलेल्या या स्वराज्याची मला दुर्गंधी आली. उपोषण केलं, बार्डोलीचा सत्याग्रह पुढे ढकलला. मालेगावात एप्रिल 1921 मध्ये जमावाने फौजदारासह पोलीस मारले, तेव्हाही त्यांनी निषेध केला होता. म्हणजे चौरीचौरा पाहून ते अचानक घाबरले हे म्हणणं तारखांपुढे टिकत नाही.

महाराष्ट्रात हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना आणखी एक विचारावंसं वाटतं. अनुयायाने केलं ते नेत्याने केलं, ही मोजपट्टी गांधींना लावायची तर टिळकांना लावायची की नाही? 22 जून 1897 ला पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी बोट 'केसरी'कडे दाखवलं. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली ती खुनाबद्दल नव्हे, लेखांबद्दल. तेव्हा आपण सगळे 'लेख आणि गोळी यांत फरक आहे' असं म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. ब्रूमफील्ड यांनी गांधींना सहा वर्षांची साधी कैद देताना 1908 च्या टिळकांच्या खटल्याचाच दाखला दिला होता.

'इंग्रज गाशा गुंडाळणार होते.' कशावरून? 1 फेब्रुवारीला गांधींनी व्हाइसरॉय रीडिंगना पत्र लिहून सामुदायिक कायदेभंगाचा इशारा दिला होता, तो सुरत जिल्ह्यातल्या बार्डोली या एका तालुक्यापुरता, शेतसारा न भरण्याचा. हजारो लोक तुरुंगात होते, सरकार हैराण होतं, हे खरं. पण 'एका वर्षात स्वराज्य' ही डिसेंबर 1920 च्या नागपूर अधिवेशनातली मुदत उलटून गेली होती. आणि कोणी म्हणेल की माघार इंग्रजांच्या सांगण्यावरून घेतली, तर त्याच इंग्रजांनी महिन्याभरात अटक करून सहा वर्षांसाठी आत टाकलं हा व्यवहार फारच चमत्कारिक म्हणायचा.

माघार चुकली, असं म्हणणारे मात्र पुष्कळ होते आणि ते ऐरेगैरे नव्हते. मोतीलाल नेहरू आणि लजपतराय यांनी तुरुंगातून नाराजी कळवली. जवाहरलाल नेहरूंचा सवाल होता की एका आडगावातल्या जमावामुळे देशभराचा लढा थांबणार असेल तर ही पद्धत कधी चालायचीच नाही. सुभाषबाबूंनी याला राष्ट्रीय आपत्ती म्हटलं. फेब्रुवारीच्या शेवटी दिल्लीला अखिल भारतीय काँग्रेस समिती भरली तेव्हा नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी गांधींवर ठपका ठेवणारा ठरावच मांडला. तो फेटाळला गेला. काँग्रेसच्या बैठकीत उघडपणे झालेली ही भांडणं आहेत, कोणी दडवून ठेवलेली गुपितं नव्हेत.

आता मालवीय. मजकुरातला हा सगळ्यात मजेदार भाग. 225 जणांवर खटला चालला, जानेवारी 1923 मध्ये सेशन्स कोर्टाने 172 जणांना फाशी सुनावली. अलाहाबाद हायकोर्टात मदन मोहन मालवीयांनी, वकिली सोडून वर्षं झाली होती तरी, पुन्हा उभं राहून बाजू मांडली. 30 एप्रिलला निकाल आला: 19 जणांची फाशी कायम, 110 जणांना जन्मठेप, बाकीच्यांना कमी शिक्षा किंवा सुटका. दीडशेच्या वर माणसं दोरापासून वाचली. मालवीयांचं हे काम थोर आहे यात वादच नाही. फक्त मजकूर त्यांना 'काँग्रेसने सोडलेल्यांना वाचवणारा एकटा माणूस' म्हणून उभं करतो, तेव्हा एक बारीक तपशील गाळतो. मालवीय 1909 आणि 1918 असे दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष होऊन गेले होते. या कामात त्यांच्याबरोबर नाव घेतलं जातं ते बरहजच्या बाबा राघवदासांचं. हे मूळचे पुण्याचे, मराठी घरातले, पूर्व उत्तर प्रदेशात 'पूर्वांचलचे गांधी' म्हणून ओळखले गेलेले. गांधींचेच अनुयायी. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही, ते सांगायला एखादा मजकूर फिरला तर मी आनंदाने पुढे पाठवीन.

'दोन वर्षांत सुटले' हेही अर्धवट. जानेवारी 1924 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधींच्या पोटात असह्य दुखू लागलं, पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं, आणि 5 फेब्रुवारीला सरकारने उरलेली शिक्षा माफ केली.

मग गांधींवर टीकेला जागाच नाही का? भरपूर आहे, पण ती या मजकुरात सापडत नाही. 'यंग इंडिया'तल्या त्याच लेखात त्यांनी सल्ला दिला होता की ज्यांना आपण दोषी आहोत असं वाटतं आणि पश्चात्ताप झाला आहे त्यांनी आपण होऊन सरकारच्या स्वाधीन व्हावं, आणि गोरखपूरच्या कार्यकर्त्यांनी गुन्हेगार शोधून त्यांना तसं करायला लावावं. तत्त्व म्हणून हे त्यांच्या स्वतःच्या वागण्याशी जुळतं. ते कोर्टात गुन्हा कबूल करून मोकळे झालेच. पण त्यांच्या कबुलीची किंमत होती साधी कैद, तीही अशा न्यायाधीशाकडून जो शिक्षा देताना म्हणाला की सरकारने पुढे ही मुदत कमी केली तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. डुमरीच्या शेतकऱ्याने तीच कबुली दिली असती तर पुढे दोर होता. दुसरं, चळवळ थांबवणाऱ्या काँग्रेसच्या 12 फेब्रुवारीच्या बार्डोली ठरावात जमावाचा धिक्कार आणि मेलेल्या पोलिसांच्या कुटुंबांना सहानुभूती आहे. शिवाय रयतेने जमीनदारांचा खंड अडवू नये, जमीनदारांच्या कायदेशीर हक्कांना धक्का लावायचा काँग्रेसचा इरादा नाही, असंही आवर्जून लिहिलेलं आहे. चौरीचौराचा मोर्चा एका जमीनदाराच्याच बाजारात निघाला होता. कोणाला धीर देण्यासाठी ही वाक्यं घातली गेली, हा प्रश्न डाव्या टीकाकारांनी फार पूर्वी विचारला आणि त्याला समाधानकारक उत्तर आजही मिळालेलं नाही.

हे प्रश्न जरूर विचारावेत. त्यासाठी मालवीयांना काँग्रेसमधून काढायची गरज नाही, की अहमदाबादच्या कोर्टातलं ते भाषण गिळून टाकायची.